धुऊन नेलं

१२ जानेवारी

ही वही सासूबाईंनी दिली. म्हणाल्या, "दिवसभर दुसऱ्यांचं बोलता आणि घरी आलात की तोंडाला कुलूप. माझ्याशी नाही तर नाही, कागदाशी तरी बोला." सासूबाईंचं वय ब्याऐंशी. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी त्यांना आई म्हणतो. त्या एरवी काहीच म्हणत नाहीत, चिडल्या की 'जावईबापू' म्हणतात.

तर लिहितो. मी कोर्टात दुभाषा आहे, एकतीस वर्षं. कामकाज इंग्रजीत चालतं. न्यायाधीश बाईंना आपली भाषा येत नाही, वकिलांना येते ती भाजीबाजारापुरती. साक्षीदार जे बोलेल ते मी इंग्रजीत सांगायचं, आणि इंग्रजीत जे चालेल ते आरोपीच्या कानाशी हळू आवाजात आपल्या भाषेत. एकतीस वर्षांत माझ्या भाषांतरावर एकदाही हरकत आलेली नाही. हे बढाई म्हणून नाही, नोंद म्हणून लिहिलं.

आज पुराच्या खटल्यांपैकी एक सुरू झाला. ऑक्टोबरात नदी शहरात शिरली, तेव्हा धक्क्याजवळचं एक गोदाम रिकामं झालं. ब्लँकेटं, गाद्या, घरगुती सामान. आरोपी एक बाई. गोदामाच्या मागे वृद्धाश्रम आहे, तिथली आया. वय पंचेचाळीसच्या आसपास, हाडापेराने मजबूत, चेहरा बंद दारासारखा. पूर ओसरल्यावर तिच्याकडे एकोणीस ब्लँकेटं आणि एक भिंतीवरचं घड्याळ सापडलं. साधी चोरी असती तर चारसहा महिन्यांत निभावलं असतं. पण पुराच्या वेळी खास कायदा निघाला होता. आपत्तीच्या काळात जो 'प्लंडर' करेल त्याला कमीत कमी सात वर्षं. कायद्यात हेच क्रियापद आहे, ढोबळ अर्थ लुटणं. व्याख्या दिलेली नाही.

ती तीन महिने कोठडीत आहे. मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"कोणाच्याच नाही. मी फक्त बोलणं इकडून तिकडे नेतो."

"हमाल," ती म्हणाली.

चुकीचं नाही.

१४ जानेवारी

आज गोदामाच्या वॉचमनची साक्ष. सरकारी वकिलांची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. सडपातळ, साठीचा माणूस, टोपी हातात चुरगाळत उभा. पुरानंतर चार दिवसांनी पोलिसांनी त्याचा जबाब घेतला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर मीच केलं होतं, हे खाली माझी सही बघून लक्षात आलं. त्या आठवड्यात मी चाळीसएक जबाब केले असतील. एकही आठवत नाही.

सरकारी वकिलांनी इंग्रजी जबाब वाचला: रात्रभर पाणी होतं, सकाळी आलो, त्यांनी सगळं गोदाम प्लंडर केलं होतं. मग विचारलं, हा तुझाच जबाब ना?

त्याने आरोपीकडे बघितलं नाही. "दिलाय तो खराच दिलाय," म्हणाला.

मी ते इंग्रजीत सांगितलं. दहा मिनिटांत साक्ष संपली.

१५ जानेवारी

कामकाज नाही. बुटांना नवे तळ लावायला दिले.

१९ जानेवारी

आज ती पिंजऱ्यात उभी राहिली. आमच्या धंद्यात नियम असा की दुभाष्याने 'ती म्हणते की' असं म्हणायचं नाही. ती 'मी' म्हणाली की मीही 'मी' म्हणायचं. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही ही त्या भाषेची माझ्यावर मेहेरबानी, नाहीतर अठ्ठावन्न वर्षांचा टकला माणूस दिवसभर 'मी गेले, मी आले' करत बसला असता.

बचावाची वकील तरुण आहे, तयारी चांगली करते, आवाज मात्र कापतो. तिने विचारलं, गोदामात का गेलात?

"वरच्या मजल्यावर तेवीस म्हातारी माणसं होती. खालच्या मजल्यावर पाणी. अंथरुणं सगळी खाली, ती भिजली. वीज नाही. दोन जणांना कापरं भरलं होतं. समोर ब्लँकेटांचं गोदाम. मग काय करू, गाणं म्हणू?"

हे शेवटचं वाक्य इंग्रजीत नेताना त्याची धार गेली. न्यायाधीश बाईंनी नुसतं लिहून घेतलं.

सरकारी वकील उठले. मऊ बोलणारा माणूस आहे, साक्षीदाराला खुर्ची दिल्यासारखं करतो आणि मग ओढून घेतो.

"घड्याळही पांघरायला नेलंत का?"

"वेळ कळत नव्हती. औषधं वेळेवर द्यावी लागतात. शिवाय एक आजोबा दर पाच मिनिटांनी विचारायचे, किती वाजले, किती वाजले. सांगितलं की शांत राहायचे."

"आणि एकोणीसपैकी चार ब्लँकेटं तुमच्या स्वतःच्या घरात सापडली."

"हो."

"ती का?"

"माझ्या घरात पण माणसंच राहतात."

"आत कशा गेलात?"

ती थोडी थांबली. "दार उघडंच होतं. पाण्याने."

"तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"एकटीने एकोणीस ब्लँकेटं आणि घड्याळ, कमरेएवढ्या पाण्यातून?"

"खेपा केल्या. मी आया आहे. माणसं उचलते, ब्लँकेटाचं काय."

यातलं 'मी' मी एकूण सव्वा तास बोललो. घरी आल्यावर घसा बसला होता. आईंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि सगळी साक्ष काढून घेतली. घड्याळाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "बाई चोर आहे की नाही माहीत नाही, पण खोटारडी नाही."

दार उघडं होतं म्हणताना ती थांबली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. थांबण्याचं भाषांतर करायचं नसतं.

२० जानेवारी

आज वकिलांचा वाद त्या एका शब्दावर. सरकारी वकील म्हणाले, 'प्लंडर' म्हणजे जमावाने, बळाने, संकटाचा फायदा घेऊन माल नेणं. जबाबात साक्षीदाराने 'त्यांनी' असं अनेकवचन वापरलं आहे. म्हणजे टोळी होती. बाई इतरांची नावं लपवते आहे. बचावाची वकील म्हणाली, हा नुसता चोरीलाच मोठा शब्द लावला आहे.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. शब्दाचा अर्थ आणि उगम यावर एक पानाचं टिपण कोर्टाला द्या. सत्तावीस तारखेपर्यंत. एकतीस वर्षांत कोर्टाने मला प्रथमच काही विचारलं. कारकून बाहेर आल्यावर म्हणाला, "साहेब, तुमची तर आज बढती झाली."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२२ जानेवारी

कोर्टाच्या लायब्ररीत पूर्ण दिवस. लायब्ररीला खिडकी एकच आहे, ती पार्किंगच्या बाजूला उघडते. मोठा कोश बारा खंडांचा, त्यातला हवा तोच खंड कोणीतरी खुर्ची उंच करायला वापरत होतं.

'प्लंडर' इंग्रजीत जन्मलेला नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी जर्मन मुलखात तीस वर्षं चाललेल्या युद्धात लढून आलेल्या सैनिकांनी तो घरी आणला. थोड्याच वर्षांत इंग्लंडात यादवी सुरू झाली आणि शब्द प्रत्येकाच्या तोंडी बसला. इथवर ठीक. गंमत पुढे आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ लुटणं नाहीच. मूळ अर्थ अंथरूण-पांघरूण, कपडेलत्ते, घरातलं किडुकमिडुक. आधी नुसती वस्तू. मग ती उचलून नेणं. म्हणजे सैनिक घरात शिरले की काय न्यायचे, तर सोनंनाणं सगळ्यांकडे कुठून असणार, गरिबाच्या घरातली वाकळ न्यायचे. त्याच वाकळेचं क्रियापद झालं. आजच्या जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थ अडगळ, आणि एक पापुद्र्यांचा गोड पाव. अमेरिकेत मध्यंतरी काही ठिकाणी लोक स्वतःच्याच सामानाला 'प्लंडर' म्हणत, कोणाचंही न लुटता.

इंग्रजी 'रॉब' हा शब्दही झग्याच्याच कुळातला निघाला. अंगावरचं कापड ओढून घेणं. आपल्याकडे 'नागवणं' आहेच. आणि 'लूट' तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेली, शब्दासकट.

चहा चार वेळा झाला. आईंना सगळं सांगितलं. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, शब्दांचं त्यांना वावडं नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं त्यांच्या शब्दाचं. वॉचमन कुठला शब्द बोलला होता? तो काही प्लंडर म्हणाला नसेल."

चांगला प्रश्न. उद्या मूळ जबाब काढतो, टिपणात तेही घालता येईल.

२३ जानेवारी

मूळ जबाब फायलीत होता, हवालदाराच्या अक्षरात. वॉचमनचे शब्द असे आहेत: "रात्रभर पाणी होतं. सकाळी आलो तर सगळं गोदाम धुऊन नेलेलं."

एवढंच.

२४ जानेवारी

काल पुढे लिहिलं नाही, डोकं दुखत होतं. सुटे विचार लिहून ठेवतो.

'धुऊन नेणं' म्हणजे काहीही मागे न ठेवता लुटणं. कुठलाही कोश काढा. दहापैकी नऊ वेळा तोच अर्थ. माझं भाषांतर बरोबर आहे.

दहावा अर्थ सरळ आहे. पाणी होतं, पाण्याने धुऊन नेलं.

कोणी नेलं हे वाक्यात नाही. आपल्या भाषेत चालतं. इंग्रजीला कर्ता लागतो, म्हणून मी 'त्यांनी' दिला. कर्मणी प्रयोग वापरता आला असता. आला असता.

वॉचमनला कोर्टात विचारलं, तेव्हा तो खरं आहे म्हणाला. पण वाचून दाखवलं ते इंग्रजी होतं. मी त्याला कानात काय सांगितलं? बहुतेक मूळ वाक्यच पुन्हा सांगितलं असणार, 'प्लंडर'चं उलट भाषांतर करताना तेच तोंडात आलं असणार. 'सगळं धुऊन नेलं.' तो हो म्हणाला. म्हणजे त्याने स्वतःच्या वाक्याला हो म्हटलं आणि मी ते माझ्या वाक्याला लावलं.

ती पुराची गर्दी होती. चाळीस जबाब. दिव्याखाली बसून केले होते. कोणीही असंच केलं असतं.

टिपण लिहायला घेतलं.

२६ जानेवारी

टिपण पुरं झालं. दीड पान. जर्मन युद्ध, वाकळ, गोड पाव, सगळं आहे. भाषा चांगली साधली आहे. मूळ जबाबाचा उल्लेख केलेला नाही. कोर्टाने इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उगम विचारला होता, तेवढाच दिला. विचारलं त्याचं उत्तर द्यावं, हीच आमची शिस्त.

पोट दोन दिवस बरं नाही. चहा कमी करायला हवा.

२७ जानेवारी

टिपण वाचलं गेलं. न्यायाधीश बाई गोड पावाला चक्क हसल्या. बचावाच्या वकिलीण बाईंना तर घबाड मिळाल्यासारखं झालं. उठून म्हणाल्या, पाहा, या शब्दाचा मूळ अर्थ नुसतं अंथरूण-पांघरूण. माझ्या अशिलाने अंथरूण-पांघरूणच नेलं. यात हिंसा कुठे आहे?

सरकारी वकील हळूच उठले. म्हणाले, मी दुभाषा महाशयांचा आभारी आहे. त्यांनी माझं काम सोपं केलं. चारशे वर्षांपूर्वी लोकांनी हा शब्द कशासाठी उचलला? संकटात सापडलेल्या घरांतून पांघरुणं ओढून नेणाऱ्यांसाठी. दागिन्यांसाठी नाही, तिजोरीसाठी नाही. पांघरुणांसाठी. युद्धाच्या जागी पूर ठेवा, दुसरा फरक नाही. शब्द जणू याच गुन्ह्यासाठी बेतलेला आहे.

न्यायाधीश बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. माझ्या टिपणाच्या समासात काही खूण केली.

हे सगळं मला तिच्या कानात सांगायचं होतं. सांगितलं. जर्मन, सैनिक, वाकळ. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या शब्दाचा अर्थ पांघरूण?"

"मूळ अर्थ."

"आणि त्याला सात वर्षं?"

"तो वेगळा मुद्दा."

"हे तुम्ही शोधून काढलंत?"

"कोर्टाने विचारलं होतं."

"हुशार आहात," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तो असता तर बरं झालं असतं.

निकालाआधीचं शेवटचं म्हणणं एकोणतीसला.

२८ जानेवारी

सुटी घेतली. पोटाचं कारण दिलं, ते खरंच आहे.

आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. मीही बसलो. विचारलं नव्हतं तरी त्यांनी एक गोष्ट सांगितली. एक्स्चेंजमध्ये असताना एकदा ट्रंक कॉल आला, लाइन इतकी खराब की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू येईना. अशा वेळी मधली ऑपरेटर निरोप इकडून तिकडे करायची. हॉस्पिटलमधला माणूस म्हणाला, "पेशंट सकाळी गेला." आईंनी पलीकडे सांगितलं, "ते म्हणतायत, सकाळीच गेले हो." पलीकडे त्या पेशंटची बायको होती. फोनवरच कोसळली.

"माणूस बरा होऊन घरी निघाला होता," आई म्हणाल्या. "दुपारी दोनला हातात पिशवी घेऊन दारात उभा. मला दुसऱ्या दिवशी कळलं."

"तुमची काय चूक? शब्द तोच होता."

"शब्द तोच होता. 'हो' माझा होता. आणि आवाज मी जड केला होता, मला वाटलं तसा." त्यांनी एक शेंग फोडली. "वरिष्ठांनी विचारलं, लाइनवर कोण होतं? मी म्हटलं, आठवत नाही. तशी कोणाला शिक्षा झाली नाही. दुपारपर्यंत ती बाई विधवा होती, एवढंच."

मग म्हणाल्या, "जावईबापू, शेंगा फोडताय की नुसत्या मोजताय?"

गोष्ट चांगली होती. आत्ताच का सांगितली ते कळलं नाही. त्या कशावर चिडल्या होत्या तेही कळलं नाही.

२९ जानेवारी

आज मी बोललो. जसं झालं तसं लिहितो.

सरकारी वकील शेवटचं म्हणणं मांडत होते. 'त्यांनी' या सर्वनामावर आले आणि तिसऱ्यांदा तो जबाब वाचू लागले. मी तिच्या कानात सांगायचं थांबवलं. तिने वळून बघितलं. मी उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, मला कोर्टापुढे काही सांगायचं आहे.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आरोपीला सांगायचं असेल तर तिच्या वकिलामार्फत."

"आरोपीचं नाही. माझं आहे."

कारकुनाने टंकलेखन थांबवलं. न्यायाधीश बाई मला म्हणाल्या, विचार करून बोला. मी म्हटलं, विचारच करतोय सहा दिवस. मग मूळ वाक्य सांगितलं. त्याचे दोन अर्थ सांगितले. 'त्यांनी' हा शब्द साक्षीदाराचा नाही, माझा आहे, आणि 'प्लंडर'ही माझाच आहे, हे सांगितलं. टिपण लिहिताना मला हे माहीत होतं, हेही सांगितलं. ते सांगायची खरं तर गरज नव्हती, बचावाची वकीलही म्हणाली नंतर. निघालं तोंडातून.

सरकारी वकिलांचा मऊपणा गेला. "एकतीस वर्षं आम्ही कोणाचे शब्द ऐकत होतो, कळेल का?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर कोर्टाने मागितलं नाही.

आदेश असे: वॉचमनला पुन्हा बोलवा. दुभाषा दुसरा नेमा. मी केलेले पुराचे सगळे जबाब तपासायला पाठवा. तोपर्यंत मी कामावर यायचं नाही.

खाली बसलो, तर ती म्हणाली, "काय झालं? मला कोणी काही सांगितलंच नाही." खरंच, शेवटची दहा मिनिटं तिला भाषांतर मिळालं नव्हतं. मी सांगू लागलो, तर शिपायाने थांबवलं. आता मला तो अधिकार नव्हता.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवून घ्या." बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवलो. चहा कमी केल्याचा गुण.

२ फेब्रुवारी

मागच्या बाकावर बसून ऐकलं. नवी दुभाषी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. वॉचमन उभा राहिला. त्याला मूळ वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोर्टाच्या परवानगीने, या वाक्याचे दोन अर्थ निघतात, म्हणून साक्षीदाराला विचारून घेते." मग त्याला, "काका, कोणी धुऊन नेलं?"

अर्थ दोन निघाले की विचारून घ्यायचं, हा पहिला धडा. तिला मीच शिकवला होता.

वॉचमनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "आता कोणी म्हणजे... पाणी होतं की. छातीएवढं."

"माणसं पाहिलीत?"

"पाणी पाहिलं."

"मग 'धुऊन नेलं' का म्हणालात?"

"अहो, बोलायची रीत आहे ती. आमच्यात तसंच म्हणतात. तुम्ही नाही म्हणत?"

"म्हणतो," ती म्हणाली, आणि मग हेही इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीश बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

सरकारी वकिलांनी त्याला अर्धा तास उलटसुलट घेतलं. पाणी, पाणी आणि पाणी. तो पाण्याबाहेर आला नाही. इतका साधा माणूस मी साक्षीत क्वचित पाहिला.

९ फेब्रुवारी

निकाल. 'प्लंडर'चा आरोप सिद्ध होत नाही. आश्रमातली पंधरा ब्लँकेटं जीव वाचवायला नेली, त्यात गुन्हा नाही. घरातली चार आणि घड्याळ ही साधी चोरी. चार महिने कोठडीत काढलेत, तीच शिक्षा. ती आज सुटली.

निकालात माझ्यावर एक परिच्छेद आहे. 'गंभीर निष्काळजीपणा' असे शब्द आहेत, आणि पुढे 'उशिरा का होईना'. भाषांतराला सोपा परिच्छेद आहे, कुठेही दोन अर्थ निघत नाहीत.

इतर जबाबांत आणखी तीन चुका सापडल्या म्हणे. त्यातल्या एका खटल्यात निकाल आधीच लागलेला आहे. तो पुन्हा उघडणार. त्या माणसाचं तोंड आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही.

११ फेब्रुवारी

कोर्टात गेलो होतो, ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत करायला. चौकशी पुरी होईपर्यंत मे उजाडेल, आणि जूनमध्ये मी तसाही निवृत्त होतोय. कारकुनाने किल्लीची पावती दिली. 

बाहेर बसथांब्यावर ती बसली होती. कोठडीत जमा झालेल्या वस्तू घ्यायला आली होती. मांडीवर कापडी पिशवी. मला बघून सरकली, म्हणून बसलो.

"नोकरी गेली म्हणे तुमची," ती म्हणाली.

"गेल्यातच जमा. तुमची?"

"आश्रमाची बैठक आहे सोमवारी. म्हातारे अडून बसलेत, मला घ्या म्हणून. त्यांचं कोण ऐकतंय, पण बसलेत." मग म्हणाली, "एक सांगू? तुमचं पहिलं भाषांतर बरोबर होतं."

मी तिच्याकडे वळलो.

"दार उघडं नव्हतं. दारापाशी तर माझ्या गळ्याएवढं पाणी होतं. वॉचमन गोदामाच्या छपरावर अडकला होता. मी आमच्या गच्चीवरून ओरडले, ब्लँकेटं पाहिजेत. त्यानेच छपरातली झडप उघडली. छपरावरून आमच्या गच्चीवर शिडी आडवी टाकली आणि धरून बसला. मी सहा खेपा केल्या. सातव्या खेपेला तोच म्हणाला, घड्याळ पण ने, आजोबा ओरडतायत ते इथवर ऐकू येतंय. पुढे इतर लोक होड्या घेऊन आले. त्यांनाही तोच झडपेतून माल काढून देत होता. सगळा मोहल्ला होता, साहेब. 'त्यांनी'च होतं ते."

"आणि जबाबात तो..."

"त्याने काय म्हटलं? धुऊन नेलं. कोणाचं नाव घेतलं? पोलीस समोर बसलेत, नोकरी जायची वेळ, तरी माणसाने असं वाक्य काढलं की त्यात कोणीच सापडू नये. मी कोठडीत ऐकलं तेव्हा म्हटलं, वा! आणि मग तुमचं इंग्रजी आलं."

समोरून दोन बस गेल्या. तिची नव्हती.

"हे मला का सांगता?" मी विचारलं.

"इतके दिवस तुम्ही माझं तोंड होतात. तोंडाला अर्धंच माहीत असलेलं बरं नाही." तिची बस आली. पिशवी उचलून ती उठली, दांडा धरला, आणि मागे न बघता चढली.

मी पायी घरी आलो. बरंच अंतर आहे. वाटेत कुठेकुठे भिंतींवर पुराची रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर.

आईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "ती आया भेटली का हो? आज सामान घ्यायला येणार होती, तुम्हीच म्हणालात."

"भेटली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बसची वेळ विचारली."

तीस वर्षं लाइनवर बसलेली बाई. क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.